काय

स्वेती रोकच्या बोगद्याला दोन तोंडं.
पलीकडे उघडीप, खाली समुद्र.
अलीकडे धुकं, आणि धुक्यात आमचा पेट्रोलपंप.
झाग्रेब आमचं नाही, स्प्लिटही नाही.
आम्ही लिकाच्या माळावरचे,
डिझेल विकतो, कॉफी विकतो,
संडासाची किल्ली लाकडी ठोकळ्याला बांधून देतो.

सामन्याच्या दिवशी आधी पोलिसांची गाडी येते,
मग निळ्या मफलरींच्या बसगाड्या.
आभाळ भरून आलं की वाळवण आत घ्यावं
तशा मी काचेच्या बाटल्या आत घेते.
खालचे यांना शिष्ट म्हणतात, हे त्यांना गाढवं.
माझा नवरा हायदुकचा, भाऊ दिनामोचा.
जेवताना मिठाची वाटी मी दोघांच्या मध्ये ठेवायची.
एकमेकांना सरकवावी लागू नये म्हणून.

त्या रात्री परतीची शेवटची बस गेली
आणि संडासातून एक पोरगा बाहेर आला.
तिबोर. एकोणीस वर्षांचा. फोन बसमध्ये.
निळी मफलर गळ्यात, आवाज बसलेला.
तेवढ्यात पांढरी मफलर काचेला लावलेली
एक जुनी गाडी पंपावर वळली.
मी मफलर त्याच्या शर्टात कोंबली,
वर माझं हिरवं जाकीट चढवलं,
कॉफीच्या यंत्रामागे उभं केलं. म्हटलं,
तोंड उघडू नकोस.

कारण तोंडच घात करतं आमच्याकडे.
आम्ही विचारतो 'श्तो',
किनाऱ्यावरची म्हातारी माणसं 'चा',
झाग्रेबात नुसतं: 'काय'.

श्पिरो नावाचा माणूस, पन्नाशी उलटलेला,
कार्लोवाचला वेल्डिंग करतो, मन मात्र स्प्लिटात.
म्हणाला, दूध जरा जास्त घाल.
पोरगा दचकला. "काय?"

यंत्राची वाफ तेवढी बोलत राहिली.
मी झाडू हातात घेतला, का कोण जाणे.
श्पिरोनं जाकिटाच्या लांब बाह्या पाहिल्या,
गळ्याशी डोकावणारा निळा धागा पाहिला,
साखर ढवळली. ढवळतच राहिला.
मग विचारलं,
"अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाची ती पेनल्टी. होती?"

"नव्हतीच!" पोरगा काउंटरवर वाकला.
"बॉल खांद्याला लागला! खांद्याला!"
"खांदा? कोपर होतं ते, आंधळ्या!"

दोन वाजले. अडीच.
साखरेच्या पुड्यांचा बचावफळीसारखा मांड झाला,
माझं स्टेपलर गोलरक्षक.
कुणीही हरलं नाही, कुणीही ऐकलं नाही.
शेवटी श्पिरो किल्ल्या वाजवत म्हणाला,
"चल, कार्लोवाचपर्यंत सोडतो.
तिथून पहाटेची गाडी मिळेल.
पण पेनल्टी होती."

गाडी धुक्यात शिरेपर्यंत पाहत होते मी.
काचा वर, आत दिवा चालू,
चार हात हवेत.
स्टिअरिंगवर एकही नाही.

सकाळी गल्ला मोजला:
दोन कॉफींचे पैसे कमी,
एक जाकीट कमी.