टाकाऊ एरिसो

रबराची पिवळी नळी माझ्या हातात असते.
दुसऱ्या टोकाला, वीस मीटर खाली, आर्नोल्दो.
बियरच्या जुन्या पिंपातून हवा जाते त्याच्याकडे,
आणि केयोनच्या दक्षिणेला, डुलत्या होडीत,
मी तिची नाडी बोटांवर मोजत बसते.

जाळीतून तो एरिसो पाठवतो,
समुद्री साळू, मुठीएवढे, हिरवट,
वर आले तरी काटे हलवत पत्ता विचारणारे.
लहान असतील ते मी परत सोडते.
आज एक निघाला, अर्ध्या पाठीचे काटे झडलेला.
उघडं कवच, भोवती काळसर लाल कडं,
करपल्या भांड्याच्या बुडासारखं.
"रोगट," दलाल म्हणाला,
बोट न लावता बुटानं सरकवलं त्यानं.

मी तो भाचीकडे नेला. इर्मिंदाच्या प्रयोगशाळेत
कपाटं कमी, बादल्या जास्त.
तोंडाजवळच्या मऊ कातडीतून तिनं सुईनं थेंब काढला,
काचेवर ठेवला.
"बघ, आत्या."

रक्त म्हणावं असं काही नव्हतं.
गढूळ पाणी, त्यात पाकळ्या पसरून सरकणाऱ्या पेशी,
एक शेपटीवर गरगरणारी, भिंगरीच,
आणि मसुराच्या डाळीसारखे लाल ठिपके.
तिनं टिपूसभर जिवाणू सोडले.
क्षणभर काहीच नाही.
मग पाकळ्या वळल्या. एकेकीनं मिठी मारली,
मिठीच तोंड, तोंडच पोट.
लाल होत्या त्या जवळ आल्या आणि फुटल्या,
सगळा रंग ओतून रिकाम्या.

"तो रंग लोह धरून ठेवतो. लोहाविना जिवाणू उपाशी."
"म्हणजे स्वयंपाकघराला कुलूप?"
"कुलूप, आणि थोडं विषही."
"यांना शत्रू दाखवला कुणी?"
"कुणी नाही. ओळख जन्मापासूनच.
यांचं एक जांभळं भावंड आहे कॅलिफोर्नियात,
त्याच्याकडे चाचपायला दोनशेवर तऱ्हांचे हात.
आपल्याकडे दहा."
"आज जिंकले ते उद्या आठवतं?"
"आपल्यासारखी वही नसते त्यांची, आत्या.
दर वेळ पहिलीच."

वही.
माझ्या वहीत एक मंगळवार आहे.
कॉम्प्रेसर खोकला, थांबला,
मी नळी ओढत राहिले आणि टोकाला फक्त वजन आलं.
लिसांद्रो. माझा भाऊ, या पोरीचा बाप.
तेव्हापासून मी झडप तीनदा तपासते.
हे तिला बोलले नाही. तिलाही ठाऊक आहे.

एरिसो खडकाच्या खाचेत नेऊन ठेवला.
ठेवताना एक काटा तळव्यात मोडला.
लिंबू चोळलं, टोक आतच राहिलं.
रात्री हात तापला, फुगला.
फोनवर इर्मिंदा हसली:
"तुझ्यातही आहेत ना तसेच, न शिकलेले.
पहिले तेच धावतात.
वहीवाले येतात सावकाश, आठवड्यानं."
मग दम देऊन म्हणाली, उद्या दवाखान्यात जा.

पडून राहिले, हात उशीवर.
आत कुणीतरी निरक्षर जागं होतं,
मला न विचारता, लिसांद्रोला न ओळखता,
दिसेल त्या परक्याला मिठी मारत.

पहाटे आर्नोल्दो सूट चढवू लागला.
दवाखाना दुपारी, म्हटलं.
झडप तपासली. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदाही.
सुजल्या तळव्यात नळी धरली.
आता दोन ठोके लागत होते,
एक त्याच्या हवेचा, एक माझ्या काट्याचा,
आणि मोजताना मी दोनदा चुकले.