उभादांड्याला, लाइट गेल्यावर

गुरुवारी कारखाना बंद.
सकाळी हातांना खोबरेल चोळते,
तरी काजूच्या चिकाचे डाग
नखांच्या कडेला राहतातच.
तशीच जाते आग्नेलकडे.

दुकान म्हणजे त्यांच्या घराची पडवी.
चार टेबलं; एक त्याच्या आईचं शिलाई मशीन,
वर फळी ठोकलेली, खालचं पायडल तसंच.
तिथं बसलं की पाय आपोआप हलतो
आणि चहा डुचमळतो.
माझी जागा तीच.

पहिल्यांदा आले तेव्हा उंबऱ्याशी
दोनदा चपला काढल्या, दोनदा घातल्या.
काचेच्या कपाटात केक बसलेले,
एकेकाला कागदाचा झगा.
नावं वाचता येत होती, उच्चारायचा धीर नव्हता,
म्हणून बोट दाखवलं.
काळं दिसलं, तसं झटकन मागे घेतलं.
"ह्यो व्हयो तुका? बस गो, हाडतंय."

अठरा वर्षं बोटीवर होता आग्नेल.
साखरेचे हंस करायचा,
आणि रात्री जेवणं आटोपली की
ते हंस कचऱ्यात जायचे.
हे सांगताना तो हसत नाही.
इथं हंस करत नाही.
तवशाचं धोंडस करतो, खाली-वर निखारे ठेवून,
चौकोनी कापतो, वर पांढरं क्रीम,
आणि ऐंशी रुपये!
आमच्या परसात तवशी कुजून जातात.
तरी मी देते ऐंशी,
कारण क्रीमवर एक अख्खा काजू असतो.

तो आधी उचलते, उजेडाकडे धरते. सवय.
दोनशेचाळीस नंबर.
कधी तीनशेवीसचा लावला
तर आग्नेलला तिथल्या तिथं सुनावते.
तीस वर्षं हातातून जातात हे,
एक तोंडात टाकायची सोय नाही,
दाराशी झडती असते.
इथं तो गालात धरून ठेवते,
चहा संपेपर्यंत.

गेल्या गुरुवारी तीनला लाइट गेली.
सहा वाजले, सात वाजले,
कुडाळकडची लाइन पडली म्हणे.
फ्रिजखालून पाणी वाहायला लागलं.
बँकेतला नवा साहेब होता, लातूरकडचा,
कॉलेजच्या दोन पोरी होत्या, आणि मी.
आग्नेल मोठा खोका घेऊन बाहेर आला.
दीड किलोचा, गुलाबी, एक फूल कलंडलेलं,
वर लिहिलेलं: स्वरूपा.
पाचला नेणार होते. फोन लागेना.
"खावन टाका, नायतर ह्येची पेज होतली."

कुणी हलेना.
परक्याच्या वाढदिवसाला सुरी कशी लावायची?
शेवटी मीच उठले.
न मोडता सोलायचं, एवढं तरी मला येतं.
पण नाव काही अख्खं निघेना.
साहेबाला "स्व" गेला, तो लाजला,
पोरींनी "रू" वाटून घेतला,
माझ्या बशीत "पा".
मेणबत्ती होती ती उजेडासाठी,
एक पोरगी सवयीनं फुंकून बसली.
काळोखात काटे सापडेनात.
सगळे हातानंच खायला लागले,
बोटं चाटत, हसत,
कुणाची कशी आहेत ते दिसत नव्हतं.

साडेआठला फटफटी थांबली.
बाप, आणि पुढे टाकीवर
नवा फ्रॉक घातलेली, डोळे तारवटलेली पोर.
आम्ही सगळे हात मागे घेऊन उभे.

आग्नेल काही बोलला नाही.
आत जाऊन धोंडसाचा अख्खा टोप उपडा केला,
काजूची बरणी माझ्यासमोर ठेवली.
साहेबानं मोबाईलची विजेरी धरली
आणि मी मांडत गेले,
स्व,
रु,
पा.
पोर टाचा उंचावून बघत होती.
म्हणाली, "माझा रू दीर्घ आहे."
मग काढले, पुन्हा लावले.

सगळे तीनशेवीसचे होते.
मी काही बोलले नाही.