चार मिलिमीटर

मिसेस ओल्ड्रॉइड म्हणाल्या, घेऊन जा, फक्त विकू नकोस.
चाळीस पौंड दिले, त्यांनी पस्तीसच ठेवले,
पाचाची नोट माझ्या कोटाच्या खिशात परत कोंबली:
"चांगलं तेल घे, लव्ह."
लव्ह इथे सगळ्यांनाच म्हणतात, बस ड्रायव्हरलासुद्धा.
हॅलिफॅक्सच्या चढावरून नुसती फ्रेम
खांद्यावर टाकून आणली.
चाकं नव्हतीच. असती तरी
त्या ओल्या दगडी उतारावर मी बसले नसते.

फ्रेम अठ्ठ्याहत्तर सालची, बाटलीसारखी हिरवी.
मागच्या दोन फाट्यांमधलं अंतर एकशे सव्वीस.
माझ्या नव्या चाकाचा हब एकशे तीस.
व्हर्निअर काकाचा, इचलकरंजीतल्या लेथवरचा.
त्याच्या अंगठ्याने शून्याची रेघ पुसट झालीय,
मी अदमासाने वाचते.
तोही तसंच वाचायचा, आणि छातीठोक सांगायचा.

चार मिलिमीटर.
ज्वारीच्या भाकरीची जाडी.

दिवसभर मी एक्स-रे काढते.
लोकांच्या खुब्यांतले स्क्रू पडद्यावर पांढरेफटक दिसतात,
हाड त्यांना धरतं, किंवा धरत नाही,
रिपोर्टवर सही दुसऱ्याच कुणाची असते.
इथे शेडमध्ये सही करायला कुणी नाही.
आट्याची सळई, दोन नट, दोन वॉशर,
आणि ताण द्यायचा, थोडा थोडा.
दहा ताणलं की पोलाद नऊ परत घेतं.
पुन्हा दहा.
सुतळी बांधून बघायचं, डावीकडे किती, उजवीकडे किती.
तीन रात्री गेल्या या देवघेवीत.
चौथ्या रात्री चाक आत बसलं,
आवाजसुद्धा न करता, मला जरा रागच आला.

मग ब्रेक.
नव्या चाकाचा घेर जुन्याहून किंचित लहान,
रबर रिमपर्यंत पोचेना.
किती कमी? मोजलं.
चार मिलिमीटर.
मी पाना खाली ठेवला आणि चहा केला.
लांब हातांचे ब्रेक लीड्सहून मागवले, बारा दिवस लागले.
पेडलखालच्या कपाचा उजवा आटा उलटा असतो
हे विसरून तासभर जे सैल करत होते
ते घट्ट करत होते, ते वेगळंच.

शेवटी सीटची दांडी.
सव्वीस पॉइंट आठ ढिली पडते,
सत्तावीस पॉइंट दोन शिरत नाही.
तेव्हा आठवलं, जुनी दांडी उपसताना
पत्र्याची एक पट्टी निघाली होती, गुंडाळलेली,
काकवीच्या डब्याची, आतून सोनेरी.
मी ती कचऱ्यात टाकली होती.
डबा उलटा केला, केळ्याच्या सालींतून शोधली,
धुतली, पुन्हा घातली.
दांडी बसली. सगळं नवं सामान त्या पाचरीवर.

मिसेस ओल्ड्रॉइडना सांगितलं, तुमच्या मिस्टरांचा हात सफाईदार होता.
"क्लिफर्डचा? त्याला पाव सरळ कापता येत नसे.
ती पट्टी मी कापली. शिवणाच्या कात्रीने.
कात्री गेली ती गेलीच."

रविवारी सायकल दाखवायला नेली.
त्या काठी टेकत फाटकाशी आल्या,
ब्रेक दाबून पाहिला,
मग हँडलवरच्या नव्या खटक्याकडे बोट केलं.
हात न सोडता गिअर पडतो?
पडतो, मी म्हटलं.
"आमचे गिअर खाली, नळीवर.
चढ लागला की क्लिफर्ड हात सोडून खाली वाकायचा."
थांबल्या. खटका एकदा वाजवला, पुन्हा एकदा.
"तेवढ्यात मी पुढे निघून जायचे."

परतीच्या चढावर सीट करकरत राहिली.
त्या पत्र्याला काही लावायचं राहिलंय.
पाचाची नोट अजून कोटातच आहे.