चार्ज देताना

तेजस्विनी, ही कपाटाची चावी, ही खुर्ची.
खुर्चीचं डावं चाक निघतं,
एकदम मागं सरकू नकोस.

तुझा तक्ता पाहिला मी लॅपटॉपवर.
पट्ट्या छान बसवल्यास, इरकलीच्या काठासारख्या,
सूत सोमवारी, रंगाई गुरुवारी,
पुढच्या बुधवारी बीम मागावर.
फक्त, गुरुवारी आपल्या लाइनीला पाणी नसतं.
टँकरवाल्या रेवणसिद्धचा नंबर
वहीच्या पुठ्ठ्यावर आहे, पेन्सिलनं.
त्याला आदल्या रात्री फोन करायचा.
सकाळी केलास तर तो दुसऱ्याचा झालेला असतो.

जानेवारीतला गड्ड्याचा आठवडा कोरा ठेव.
नंदीध्वज निघतात तेव्हा
जॉबर मल्लिनाथ मागाजवळ नसतो, कधीच नव्हता.
त्याला दरवर्षी रजा मागावी लागू नये
एवढं तरी तक्त्यानं करावं.

आता शब्द.
'होऊलालंय' म्हणाले तर काम सुरू आहे,
किती, ते आपण चालत जाऊन बघायचं.
'होऊन जातंय की ओ' म्हणजे अजून हात लागलेला नाही.
'बघू' म्हणाले तर दुसरा माणूस शोध.
आणि कुणी काही न बोलता तुझ्यासाठी चहा सांगितला
तर बस तिथंच, घाई करू नकोस.
काहीतरी मोडलेलं असतं.

पान बेचाळीस उघड.
एकोणीस हजार टॉवेल, कोचीचं एक हॉटेल.
सांधणीला अंबादास येमूल.
नव्या बीमचा एकेक धागा
जुन्याच्या शेपटाला राखेच्या चिमटीनं पिळायचा,
चोवीसशे धागे, मांडी न मोडता.
तीन शनिवार मी विचारलं,
तीन शनिवार तो म्हणाला, होऊलालंय.
खोटं नव्हतं ते.
होतच होतं, अर्ध्या वेगानं.
मी चालत गेलो नाही.
गेलो तेव्हा तो डोळे मिटून धागे चाचपत होता.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला,
उजव्यात सुरुवात.

मी सुताचा भाव लिहिला होता,
वीज, ट्रक, हद्दीपलीकडचा बंद,
लग्नसराईत किती जण सुट्टीवर जातील तेही.
डोळ्याचा रकाना नव्हता.

माल अकरा दिवस उशिरा गेला.
मालकांनी विचारलं, कारण?
मी लिहिलं: सूत उशिरा आलं.
अंबादासची नोकरी होती ना.
बघ, माझंच अक्षर आहे, किती ठळक.

पुढच्या वर्षी मालकांनी
माझ्या त्या ओळीवर विश्वास ठेवून
दोन महिने आधी सूत भरून ठेवलं.
गोदामात ते पिवळं पडलं, कोपऱ्यात उंदरांनी खाल्लं,
व्याज वेगळं.
आणि सांधणीला दुसरा माणूस
तेव्हाही कुणी तयार केला नव्हता,
कारण कागदावर सांधणीला काही झालंच नव्हतं.

अंबादासचं ऑपरेशन झालं, पैसे आम्ही सगळ्यांनी काढले.
तो आता दिसतं म्हणतो.
त्याच्या पुतणीला, पद्मजाला, त्याच्याशेजारी बसव,
रोज तासभर, पगारी.
हे तक्त्यात लिही. नाहीतर पहिल्याच
घाईच्या ऑर्डरला तो तास कापला जाईल.

ती ओळ मी खोडली नाही.
तूही खोडू नकोस.
खाली आजची तारीख घाल, खरं काय ते लिही,
मी सही करून जातो.

बाकी काय. चहाचे पैसे शनिवारी.
ट्रकवाल्याला 'लवकर' सांगू नकोस, वेळ सांग.
आणि मे महिन्यात दुपारी दोन ते चार
कुणाकडून तारीख घेऊ नकोस.
या उन्हात सोलापुरात माणूस
कुठल्याही तारखेला हो म्हणतो.