शापित वॉर्ड, तिसरा मजला

मृणालीच्या वाढदिवसाला आम्ही पाच जणी गेलो
अलकापुरीत, बुटांच्या दुकानाच्या वर.
लिफ्ट बंद, म्हणून जिना.
माणशी सहाशे रुपये. मोबाईल लॉकरात.
‘हृदयविकार असल्यास प्रवेश करू नये’
अशा कागदावर सही करताना
मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
किती वर्षांत कुणी मला
घाबरवायचं कबूल केलं नव्हतं.

साठ मिनिटं. दार बाहेरून बंद.
गोष्ट अशी, की फार पूर्वी या वॉर्डात
एक नर्स मेली, मुठीत किल्ली धरून.
ती किल्ली शोधायची, नाही तर इथंच राहायचं.
मुली एकमेकींना बिलगल्या.
मला दिसली सलाईनची बाटली,
तोंड वर करून टांगलेली.
तिच्यातनं थेंब पडायचा
तर पेशंटलाच छताला टांगायला हवं.

चादरीचे कोपरे कोंबलेले, दुमडलेले नाहीत.
सिरिंजमध्ये गुलाबाचं सरबत, मुंग्यांसकट.
सांगाड्याच्या कमरेवर रावपुऱ्यातल्या दुकानाची
किमतीची चिठ्ठी,
आणि डाव्या अंगाला बरगड्या अकरा.
तापाच्या तक्त्यावर तीन दिवस सरळ रेघ, साडेअठ्ठ्याण्णव.
मग हा गेला कशानं?
मी मोठ्यानं विचारलं. मृणाली म्हणाली,
“मावशी, प्लीज.”

पाच मिनिटंही झाली नव्हती,
छतातून आवाज आला,
“मासी, डाबी बाजू जुओ ने. फाइल नीचे.”
फाइलीखाली पेटी होती,
पेटीला आकड्यांचं कुलूप,
आणि ते आधीच्या गटानं
उघडंच टाकलेलं.

मग दिवे गेले. पडदा हलला.
किंचाळायच्या आधी भूत खोकलं.

पांढरी साडी, खांद्यावर सेफ्टीपिन, खाली जीन्स.
मुली ओरडल्या, पैसे भरले होते म्हणून.
मी त्या खोकल्याकडे कान लावून होते.
कोरडा नव्हता. खालून येत होता.
त्यानं माझ्या गळ्याकडे हात आणले
आणि मी मनगट धरलं.
एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

हात भट्टीसारखा.
भिंतीवर लाल आकडे उलटे उतरत होते,
त्यांच्यावरच नाडी मोजली. एकशे बारा.
“कधीपासून?”
भूत गप्प. मग बारीक आवाजात,
“परमदिवसथी.”
नाव तीर्थेश. पादऱ्याचा.
शनिवारी रजा मळती नथी, मासी.

खऱ्या वॉर्डात असं कुणी किंचाळत नाही.
पहाटे साडेतीनला
अकरा नंबरची खाट घोरायची थांबते.
बाकीचे वीस जण झोपलेले असतात.
तुम्ही चालत जाता. धावायचं नाही,
धावलं की सगळे जागे होतात.
मुठीत औषधांच्या कपाटाची किल्ली असते
आणि जाताजाताच कळतं
की तिचं आता काम नाही.
ती किल्ली मी निवृत्तीच्या दिवशी टेबलावर ठेवली,
पोचपावतीवर सही घेतली. मुठीत काही उरलं नाही.
निदान असं मला वाटत होतं,
त्या पोराचं मनगट सोडेपर्यंत.

तेवीस मिनिटं बाकी असतानाच
दार उघडून आम्हाला बाहेर काढलं.
पुठ्ठ्याची पाटी हातात देऊन फोटो काढला,
‘आम्ही वाचलो’.
मृणाली जिना उतरताना माझ्याशी बोलली नाही.
खाली गेल्यावर बोलली,
“सगळं घालवलंस तू.”
खरंच होतं ते.

मुली सेव-उसळीच्या गाडीशी थांबल्या.
मी कोपऱ्यावरनं तापाच्या गोळ्यांची पट्टी घेतली,
परत तीन मजले चढले, गुडघे मोजत.
काउंटरवर कुणी नव्हतं.
नवा गट आत गेलेला, लाल दिवा लागलेला.
पट्टी रजिस्टरात ठेवली, वर लिहिलं,
तीर्थेश, जेवणानंतर एक. छाती तपासून घे.

आतून किंकाळी आली. चांगली होती,
आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ चांगली.
मी दाराशी उभी राहून वाट पाहिली
तिच्यामागून येणाऱ्या खोकल्याची.