खांब क्रमांक दोनशे चौदा

समुद्रात भर टाकून केलेली जमीन
उसनी असते, कुराहाशी म्हणायचे.
समुद्र ती परत मागतो,
वर्षाला दोन बोटं, कधी तीन.
आणि सगळीकडे सारखी नाही, हेच खरं दुखणं.

वर माणसं चाकांच्या बॅगा ओढत जातात.
खाली आम्ही जॅक लावून खांब उचलतो,
फटीत लोखंडी पत्रा सरकवतो.
केसभर. पुन्हा केसभर.
दोनशे चौदाच्या पायाशी पत्र्यांची चवड
आता माझ्या गुडघ्याला लागते.
सगळ्यात खालचा पत्रा माझ्या जन्माआधीचा.

जनरेटर तळघरातून वर हलवायची वेळ आली
तेव्हा हिशेबखात्यातल्या ओगिनोबाईंनी विचारलं,
एवढं पाणी येणार तरी कधी?
कुराहाशींनी खिशातून खडू काढला,
टाचा उंचावून, डोक्याच्याही वर,
भिंतीवर एक रेघ ओढली.
बोलले काहीच नाहीत.

ते निवृत्त झाल्यावर तिसऱ्या सप्टेंबरात पाणी आलं.
धावपट्टी दिसेना, पूल बंद.
दिवे मात्र होते.
अडकलेल्यांना गरम नूडल्स मिळाल्या,
एक बाळ रडून रडून झोपलं.
ओगिनोबाई ब्लँकेटं मोजत होत्या, दोनदोनदा.

ओसरल्यावर चिखलात उतरून
मी आधी रेघ शोधली.
पाणी तिच्या चार बोटं खाली थांबलं होतं.
खडू कोरडा.

मग दोनशे चौदा मोजला.
एका रात्रीत सहा मिलिमीटर.
नवा पोरगा धावत जाऊन जाड पत्रा घेऊन आला.
पातळ आण, म्हटलं. दोन.
आणि हात पूस आधी.