चित्र क्रमांक अकरा

चित्रात नळ होता, खाली निळी रेघ.
सहा वर्षांचा देझिदेर म्हणाला, "पानी."
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.
माझं काम फक्त वेळ मोजायचं. सात सेकंद.
"आपल्या भाषेत सांग," मॅडम म्हणाल्या.
वाईट नव्हत्या त्या,
खिशात लिंबाच्या गोळ्या असायच्या, सगळ्या मुलांसाठी.
तो थोडा थांबला. मग सावकाश,
जणू आम्हा दोघींनाच जरा उशिरा समजतं,
"पा... नी."

रकान्यात शून्य.
पुढच्या चित्रात सुरी. "छुरी," तो म्हणाला.
शून्य.

त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या वस्तीतून अठरा मुलं आली.
सोळा गेली बॉयलरशेजारच्या वर्गात,
जिथे पुस्तकं पातळ, अक्षरं मोठी,
आणि पंधराव्या वर्षापर्यंत कागदाच्या पट्ट्या विणायच्या.

अलीकडच्या काठावरचा ओंद्रेय
टेबलाखाली जाऊन बसला, खडू खाल्ला,
नळाला हत्ती म्हणाला.
"काही मुलं उशिरा उमलतात," मॅडम म्हणाल्या,
"वर्षभर थांबू या."
थांबलो.
आता नगरपालिकेत तो पाण्याची बिलं काढतो.

खोटं कुणी लिहिलं नाही.
फायली आहेत कपाटात, काढून बघा,
एकेक शून्य नियमाला धरून आहे.

बावीस वर्षं झाली. मॅडम गेल्या.
ताट्राच्या पायथ्याची ही शाळा आतून रंगवून झाली,
घड्याळ माझ्याकडेच राहिलं.
आज देझिदेर आला, मुलीला घेऊन.
झानेटा. ओले विंचरलेले केस, बूट एक नंबर मोठे.
म्हणाला, जूनपासून घरभर चिठ्ठ्या लावल्यात,
दारावर, चमच्यावर, बादलीवर "व्होदा",
त्याच्या त्या मोठ्या अक्षरांत.
माझ्याशी हसला. ओळखलं की नाही, कळलं नाही.
मीही विचारलं नाही.

दार लावलं. दाराला काच आहे.
काचेमागे त्याचे ओठ हलतायत.

चित्र क्रमांक अकरा.
नळ आता चकचकीत आहे, रेघ तीच.
मी बटण दाबलं.

"व्हो" म्हणायला खालच्या ओठावर दात यावे लागतात.
तिचे ओठ मिटलेत, घट्ट,
जसे "प"साठी मिटतात.

दोन सेकंद.
तीन.